आधी पायाची नाडी बघितली का?

तुझं पत्र आलं आणि बाकीची पत्रं बाजूला ठेवून आधी तुलाच लिहायला बसले, कारण यात थांबण्यासारखं काही नाहीये. वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. ही मुलगी सोलापूरच्या अशोक चौकाकडची. वडील, म्हणजे आप्पा, ६३ वर्षांचे, टॉवेलच्या मागावर पस्तीस वर्षं उभ्यानं काम केलं, १२ वर्षांपासून शुगर. दरवर्षी कोजागिरीला तुळजापूरला चालत जायचे, गेल्या खेपेला तळे हिप्परग्याच्या पुढं जाता आलं नाही, डाव्या पोटरीत गोळा यायला लागला, बसलं की जायचा, उठून चाललं की परत यायचा. घरच्यांनी वय झालं म्हणून सोडून दिलं, डॉक्टरांनी सायटिका म्हणून आठ महिने गोळ्या-इंजेक्शनं दिली. आता डाव्या पायाचं दुसरं बोट टोकाला काळं पडलंय, रात्री दुखून झोप नाही, पाय कॉटखाली सोडून बसून राहतात. एका डॉक्टरांनी गुडघ्याखाली कापायला सांगितलंय, पुढच्या सोमवारी ऍडमिट व्हा म्हणाले. दुसऱ्यांनी औषधाचा बलून टाकू, म्हणजे धमनीत औषध लावलेला फुगा फुगवून ती उघडू, म्हणून सांगितलं आणि मोठा खर्च सांगितला. पुण्यातला चुलतभाऊ इंटरनेटवर वाचून म्हणतोय बायपासच, म्हणजे शीर जोडून बंद जागेला वळसा घालणंच, चांगला, रिसर्च आलाय. मेहुणा म्हणतोय उलटा रिसर्च पण आलाय, आणि स्टेम सेलचं, म्हणजे मूळ पेशींचं, इंजेक्शन मिळतं. शेजारचे म्हणतात चालवा त्यांना, चाललं की रक्त फिरतं. आणि आप्पा म्हणतात पाय कापण्यापेक्षा मेलेलो बरा.

एवढं सगळं तू लिहिलंस, पण एक गोष्ट तुझ्या चार पानी पत्रात कुठंच नाही. आप्पांच्या पायाची नाडी कुणी बघितली का? घोट्याला पट्टा बांधून प्रेशर मोजलं का? पायाची अँजिओग्राफी झाली का? तू रिपोर्ट म्हणून जे पाठवलंस त्यात शुगर आहे, एक्सरे आहे, कंबरेचा एमआरआय आहे. रक्त पायापर्यंत किती पोचतंय हे सांगणारा एकही कागद नाही. आणि त्या कागदाशिवाय कापायचं ठरलंय.

मला याचं का एवढं लागतं ते सांगते. माझे थोरले काका गिरणीत होते, त्यांची गोष्ट आप्पांसारखीच, फक्त तीस वर्षं आधीची. वात आहे म्हणून वर्षभर तेल चोळलं, एका दवाखान्यात तर सहा महिने इंजेक्शनं घेतली, आणि त्या सगळ्या काळात कुणीही त्यांचा मोजा काढून पायावर दोन बोटं ठेवली नाहीत. शेवटी मांडीतून पाय गेला आणि दीड वर्षात काका गेले. मी तेव्हा शिकत होते. मी काही रक्तवाहिन्यांची सर्जन नाही, साधी फिजिशियन आहे, शुगरच्या पेशंटचे पाय बघते, पण त्या दिवसापासून माझ्याकडं कुणीही पाय दुखतो म्हणून आलं की आधी चपला काढायला लावते.

तूही आज बघ. आप्पांना पाय सरळ करून झोपव, अंगठा वर उचलायला सांग, पावलावर एक दोरी ताठ होईल, तिच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे करंगळीच्या बाजूला, दोन बोटं हलकी ठेव. दाबू नको, दाबलं की नाडी बंद होते. दुसरी जागा आतल्या घोट्याच्या हाडाच्या मागं. आधी चांगल्या पायावर शोध म्हणजे बोटांना कळेल काय लागतंय ते, मग डाव्या पायावर. पावलावरची नाडी काही धडधाकट माणसांनाही जन्मतः लागत नाही, म्हणून दोन्ही जागा बघायच्या. दोन्हीकडं काहीच नाही लागलं तर ते लिहून ठेव आणि डॉक्टरांना सांग. तुझ्या बोटांवर निदान करायचं नाहीये, पण डॉक्टरांच्या टेबलावर तो प्रश्न ठेवायला तेवढं पुरतं.

अजून एक. तू लिहिलंस की पाय खाली सोडला की लालबुंद होतो, म्हणजे रक्त येतंय ना ताई? नाही गं. हे घरोघरी चुकतं. पाय वर उचलून धर एक मिनिट, पांढरा-फटक पडतो का बघ, आणि खाली सोडल्यावर हळूहळू जांभळट लाल होतो का बघ. तसं होत असेल तर ते रक्त कमी असल्याचं लक्षण आहे, खालच्या बारीक वाहिन्या उपाशी राहून सताड उघड्या पडलेल्या असतात, जे थोडंफार येतं ते तिथं साचतं. रात्री पाय खाली सोडून बसल्यावर बरं वाटतं तेही त्याचमुळं, उतारावर जरा तरी रक्त उतरतं. सायटिकाच्या दुखण्याला माणूस पाय कॉटखाली सोडत नाही. पोटरी ठरावीक अंतर चाललं की दुखते, उभं राहिलं की दोन-पाच मिनिटांत थांबते, परत तेवढंच चाललं की परत, हे घड्याळासारखं होत असेल तर आधी धमनीचा विचार करायचा.

आता मोजायचं कसं. दंडाला जसा बीपीचा पट्टा लावतात तसाच घोट्याच्या वर लावायचा आणि स्टेथोस्कोपऐवजी छोट्या डॉप्लर मशीननं आवाज ऐकायचा, सूं-सूं असा येतो. घोट्याचा आकडा भागिले दंडाचा आकडा. दंडाला १५० आणि घोट्याला ७५ आलं तर ०.५. नॉर्मल माणसाचं साधारण १ ते १.४ असतं, ०.९ किंवा त्याखाली असलं की पायाची धमनी आजारी. दहा-पंधरा मिनिटांचं काम, सुई नाही टोचणं नाही. पण शुगरवाल्यांत एक फसगत होते ती लक्षात ठेव. वर्षानुवर्षं शुगर असली की धमनीच्या भिंतीत चुना, म्हणजे कॅल्शियम, साठतो, नळी कडक होते, पट्ट्यानं दाबतच नाही, मग आकडा १.४ च्या वर येतो आणि कुणीतरी सांगतं सगळं एकदम भारी आहे. त्याच पायाचं बोट काळं पडत असतं! अशा वेळी पायाच्या अंगठ्याचं प्रेशर मोजायचं, अंगठ्याच्या बारीक वाहिन्यांत सहसा तो चुना नसतो. म्हणून नुसतं नॉर्मल आलं ऐकून घरी येऊ नको, आकडा विचार.

ते कमी आलं तर पुढं सोनोग्राफीसारखं डॉप्लर, आणि मग सीटी अँजिओग्राफी किंवा साधी अँजिओग्राफी, म्हणजे कंबरेपासून पावलापर्यंत नकाशा. कुठं बंद आहे, केवढं लांब बंद आहे, खाली पावलात एखादी तरी नळी उघडी आहे का. नळ्या दिसाव्यात म्हणून रक्तात जे औषध सोडतात त्याचा किडनीला त्रास होऊ शकतो, म्हणून आप्पांचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट आणि शुगरच्या गोळ्यांची यादी सोबत ने आणि आधीच दाखव.

हे झाल्यावरच तुझ्या चुलतभावाचं आणि मेहुण्याचं भांडण सुरू होऊ शकतं, त्याच्या आधी नाही. पण दोघांनी वाचलेलं खरं आहे, दोघंही खोटं बोलत नाहीयेत, म्हणून तेही नीट सांगते.

भाऊ ज्याबद्दल बोलतोय ती अमेरिकेतून चालवलेली मोठी ट्रायल, बेस्ट-सीएलआय, २०२२ मध्ये आली. १८३० पेशंट, सगळे आप्पांसारखे, म्हणजे झोपेतही पाय दुखतोय किंवा जखम भरत नाही असे. अर्ध्यांना आधी बायपास, अर्ध्यांना आधी बलून-स्टेंट, चिठ्ठ्या टाकल्यासारखं वाटून दिलं. त्यातल्या ज्यांच्या पायात बायपाससाठी सलग चांगली शीर होती अशा १४३४ जणांत बायपासवाल्यांपैकी ४२.६ टक्क्यांना एकतर मृत्यू आला किंवा पायावर मोठं संकट, बलूनवाल्यांत तेच ५७.४ टक्के. फरक मोठा आहे, आणि त्यातला बराचसा परत परत मोठं ऑपरेशन करावं लागण्यातला होता, ते ९.२ टक्के विरुद्ध २३.५. घोट्याच्या वरून पाय जाणंही कमी होतं, १०.४ विरुद्ध १४.९. पण ज्यांच्याकडं चांगली शीर नव्हती अशा ३९६ जणांत दोन्हीकडं जवळपास सारखंच निघालं. भावानं बहुतेक वरचा अर्धा वाचला.

मेहुणा म्हणतोय ती बेसिल-२, २०२३ मधली, ब्रिटन, स्वीडन आणि डेन्मार्कची, ३४५ पेशंट. यात सगळ्यांचा आजार गुडघ्याच्या खालच्या धमन्यांतला होता, वर असला तरी खालीही होताच. इथं उलटं निघालं. पाय जाणं किंवा मृत्यू, यातलं काहीतरी बायपासवाल्यांत ६३ टक्क्यांना झालं आणि बलूनवाल्यांत ५३. आणि हा फरक पाय जाण्यातला नव्हता, पाय दोन्हीकडं जवळपास सारखेच गेले, बायपासवाल्यांत मृत्यू जास्त होते.

मग खरं कुठलं? मला विचारशील तर दोन्ही. एका ट्रायलमध्ये गुडघ्याच्या वरच्या-खालच्या धमन्या आहेत, दुसरीत गुडघ्याखालचा आजार सगळ्यांना आहे, पेशंट निवडायची रीत वेगळी, आणि मोजलं काय तेही वेगळं. पहिलीत परत मोठं ऑपरेशन लागलं तर तेही संकटात धरलं, दुसरीत फक्त पाय आणि जीव. त्यामुळं बायपास चांगला की बलून चांगला हा प्रश्नच अर्धवट आहे, आप्पांच्या पायात कुठं बंद आहे, त्यांच्या मांडीत-पोटरीत सलग शीर आहे का, आणि त्यांचं हृदय-किडनी चार तासांचं ऑपरेशन झेपवू शकतं का, हे तीन माहीत झाले की त्याचं उत्तर बहुतेक वेळा समोर दिसतं. शीर कशी आहे ते तपासायला सोनोग्राफी लागते, तिला व्हेन मॅपिंग म्हणतात, पडून राहायचं आणि जेल लावून बघायचं, बस्स. हे झालंय का विचार. न बघताच बायपास जमणार नाही म्हणून कुणी सांगितलं तर विनम्रपणे परत विचार.

म्हणूनच माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं हे की आप्पांना अशा ठिकाणी दाखव जिथं दोन्ही होतं. ज्याला फक्त बलून येतो त्याला बलूनच दिसणार, ज्याला फक्त कापता येतं त्याला कापणं दिसणार, यात कुणाची नियत वाईट आहे असं मी म्हणत नाही, हाताला सवय असते तेच सुचतं. व्हॅस्क्युलर सर्जन म्हणजे रक्तवाहिन्यांचा सर्जन, हृदयाचा वेगळा आणि हाडाचा वेगळा. आपल्या सिव्हिलमध्ये आधी जा, तिथं सर्जरी विभागात विचार, गरज पडली तर पुणं किंवा हैदराबाद, सोलापूरहून लोक दोन्हीकडं जातातच. पैशाचं तू लिहिलंस, तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हॉस्पिटल आहे का ते आधी बघ, दाराशी आरोग्यमित्राचं टेबल असतं, रेशनकार्ड आणि आधार घेऊन थेट त्याच्याकडं जा आणि पायाच्या रक्तवाहिनीचं ऑपरेशन यात बसतं का असं विचार. ऑपरेशन झाल्यावर विचारलं की उशीर होतो, हे मी फार जणांचं बघितलंय.

औषधाच्या बलूनचं. बलूनवर औषध लावलेलं असतं, फुगवल्यावर ते धमनीच्या भिंतीला लागतं आणि नळी परत बुजायचं प्रमाण कमी होतं, ही त्याची कल्पना, आणि नळी जास्त दिवस उघडी राहते हे खरंही आहे. पण स्वीडनमध्ये आप्पांसारख्या दोन हजारांहून जास्त पेशंटवर मोठी ट्रायल झाली, २०२५ मध्ये निकाल आला, आणि पाय वाचण्यात साध्या बलूनपेक्षा फायदा दिसला नाही. म्हणून औषधाचा बलून वाईट असं नाही, पण नुसत्या त्या नावासाठी दागिना मोडायची गरज नाही. त्यांना विचार, साध्यानं चालेल का, आणि आप्पांच्या बाबतीत औषधाचाच का हवा. चांगला डॉक्टर या प्रश्नावर चिडत नाही.

स्टेम सेलचं. बंगळुरूच्या एका कंपनीच्या अशा औषधाला २०१६ मध्ये आपल्या औषध नियंत्रकांनी बर्जर नावाच्या आजारासाठी मर्यादित परवानगी दिली होती, २०२० मध्ये ती धमनीत चरबी-चुना साठून तुंबलेल्या पायांसाठीही मिळाली, तेव्हा मेहुणा हवेतलं बोलत नाहीये. बर्जर हा तंबाखूवाल्या तरुण माणसांचा आजार, चाळिशीच्या आसपास सुरू होतो, लिओ बर्जर नावाच्या डॉक्टरनं १९०८ मध्ये त्याचं वर्णन केलं. आप्पांचं वय आणि शुगर बघता त्यांच्या धमनीत चरबी-चुना साठल्याची शक्यता जास्त वाटते, अर्थात ते बघणाऱ्यानं ठरवायचं. पण तुंबलेली नळी उघडता येत असताना ती न उघडता इंजेक्शनच्या मागं लागू नका. सगळे रस्ते बंद झाले तर तो विचार. तशा पेशंटसाठी शिरेलाच धमनी करून रक्त पावलात उलटं पाठवायचं असं एक काम सुरू झालंय, २०२३ मध्ये छापून आलं, १०५ पेशंट, ज्यांना कापण्याशिवाय काही उरलं नव्हतं असे, आणि सहा महिन्यांनी त्यातले ६६ टक्के जण पायासकट हयात होते. हे तुला लगेच मिळेल म्हणून सांगत नाहीये, आता काहीच होऊ शकत नाही असं म्हणायच्या आधी किती जागा उरलेली असते ते कळावं म्हणून सांगतेय.

आप्पांना एक गोष्ट सांग माझ्या नावानं. १९६४, जानेवारी महिना, अमेरिकेतलं पोर्टलँड. ८२ वर्षांची एक बाई, बोटं काळी पडलेली, जखम भरत नव्हती, सर्जन म्हणाले पाय कापावा लागेल, बाई म्हणाली नाही कापू देणार. तिला चार्ल्स डॉटर नावाच्या एक्सरेच्या डॉक्टरकडं पाठवलं, त्यानं मांडीच्या धमनीत एक तार घातली आणि तिच्यावरून आधी बारीक मग जाड नळ्या सरकवत बंद जागा रुंद केली. पाय गरम झाला, दुखणं थांबलं, पाय वाचला आणि ती पुढं अडीचएक वर्षं, मरेपर्यंत आपल्या पायांनी चालली. आज बलून-स्टेंट म्हणतात ते सगळं तिथून सुरू झालं. बायपासचंही तसंच, १९४८ मध्ये पॅरिसला झां कुन्लां यांनी पेशंटच्याच पायातली शीर काढून धमनीला जोडली. म्हणजे आप्पा जे म्हणतायत ना, कापू देणार नाही, ते म्हणणारे ते पहिले नाहीत, आणि तसं म्हणणाऱ्यांमुळंच हे उपाय निघाले. पण ती बाई नाही म्हणून घरी बसली नव्हती. ती डॉक्टरकडं गेली. आप्पांनाही जायला लागेल.

आणि तुला एकटीला एक सांगते, हे आप्पांना वाचून दाखवू नको. कधी कधी कापावंच लागतं. पू वर चढत असेल, ताप असेल, शुद्ध हरपत असेल तर पायापेक्षा जीव आधी, तिथं अँजिओग्राफीची वाट बघत बसायचं नसतं. आणि रक्त सुरू केल्यावर मेलेलं बोट काढावंच लागतं, पण तेव्हा ती जखम भरते, रक्त न आणताच बोट कापलं की जखम वर वर सरकत जाते, आधी बोट मग पाऊल मग गुडघा, माझ्या काकांचं असंच झालं. गुडघा राहिला तर कृत्रिम पायावर माणूस परत चालतो, म्हणून शेवटी वेळ आलीच तरी गुडघा वाचतोय का हे विचारायचं. सोमवारच्या सर्जनना सोडून देऊ नको. त्यांना नीट सांग, डॉक्टर, कापायच्या आधी रक्त किती आहे ते मोजून अँजिओग्राफी करून घेऊ या का, आणि व्हॅस्क्युलर सर्जनचं मत घेईपर्यंत चार दिवस थांबलं तर चालेल का. तू पाठवलेल्या फोटोत बोट कोरडं, सुकल्यासारखं दिसतंय, त्याला चार दिवस मिळू शकतात, पण फोटोवर मी ते नक्की सांगू शकत नाही, हात लावणाऱ्यानं सांगायचं. ओलं झालं, वास आला, लाली पावलावर चढली किंवा थंडी वाजून ताप आला तर त्याच तासाला दवाखाना, रात्रीचे दोन वाजले असले तरी. आणि पाय अचानक बर्फासारखा गार, पांढरा, बधिर झाला, हलवता येईना, तर तेही तसंच, तिथं हिशोब तासांत असतो, सहाएक तासांत रक्त परत आलं नाही तर स्नायू मरायला लागतात.

चालवायचं का? शेजाऱ्यांचं म्हणणं वर्षभरापूर्वी शंभर टक्के बरोबर होतं. जखम नाही, फक्त चालताना पोटरी दुखते, अशा वेळी चालणं हेच औषध आहे, दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, परत चालायचं, आठवड्यातून तीन दिवस तरी, अर्धा-पाऊण तास, किमान तीन महिने. अमेरिकेत क्लेव्हर नावाची ट्रायल झाली, २०१२ मध्ये छापली, १११ जणांची, कमरेकडच्या धमनीत स्टेंट टाकलेल्यांपेक्षा देखरेखीखाली चालण्याचा व्यायाम केलेले सहा महिन्यांनी जास्त वेळ चालू शकले. कोजागिरीनंतर लगेच कुणी ओळखलं असतं तर मी आप्पांना पार्कवर फेऱ्याच मारायला लावल्या असत्या. पण आता बोट काळं आहे, आता चालवायचं नाही, त्या पायावर भार नाही. रिकाम्या पायानं तर घरातसुद्धा नाही, आणि पुढच्या कोजागिरीला अनवाणी तर मुळीच नाही, आपल्याकडच्या रस्त्यावर शुगरवाल्यांच्या तळव्याला भाजतं आणि त्यांना कळतही नाही.

घरात काय करायचं ते एका दमात सांगते. गरम पाण्याची पिशवी नको, गार पडला म्हणून शेकायचं नाही, भाजेल. तेल चोळायचं नाही, हळद-चुना लावायचा नाही, पाण्यात भिजवायचा नाही, काळं झालेलं बोट ओलं होता कामा नये. बोटांच्या मध्ये कोरडा कापूस, वर सैल पट्टी, टाच गादीला घासू नये म्हणून पोटरीखाली चादरीची घडी, सोलापुरात तिला काय तोटा. डोक्याकडची कॉटची बाजू विटा लावून चार-सहा इंच उचल, झोपल्या झोपल्या जरा उतार मिळेल, रात्रभर बसून पाय सुजवण्यापेक्षा ते बरं.

आता तंबाखू. तू लिहिलंस विडी सोडली आहे, फक्त मळून खातात. पोरी, धमनीला ते फक्त नसतं. आणि पुढं लिहिलंस ते वाचून मी जरा वेळ थांबले, की आई घरी विड्या वळते, सूप मांडीवर, हजार झाल्याशिवाय उठत नाही, आणि आप्पा येताजाता त्या सुपातनं चिमूट उचलतात. त्या सुपावर तुमचं घर चाललंय, तुम्ही भावंडं शिकलात, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण आप्पांची कॉट आणि ते सूप एका खोलीत नको. आईला शेजारणीच्या ओट्यावर बसू दे, तंबाखूचा डबा तिच्याकडं, किल्ली तुझ्याकडं. आप्पांना रागवू नको, पहिले आठ-दहा दिवस चिडतील, झोप उडेल, त्यासाठी गोळ्या आणि च्युइंगम असतात, डॉक्टरांना विचार. बायपास केला काय नि बलून टाकला काय, तंबाखू चालू राहिली तर ती नळी परत बुजते, मी बघितलंय, सगळे पैसे आणि सगळे हाल वाया.

आणि हृदय. वरच्या दोन्ही ट्रायलमध्ये बरीच माणसं मेली, आणि अशा पेशंटच्या जिवाला पायापेक्षा हृदयाचा धोका मोठा असतो. पायाची धमनी तुंबली म्हणजे हृदयाची आणि मेंदूचीही त्याच वाटेवर असते. म्हणून कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी आणि रक्त पातळ ठेवायची गोळी या दोन आप्पांच्या चिठ्ठीत आहेत का बघ. तू पाठवलेल्या चिठ्ठीत मला दुखण्याच्या तीन दिसल्या आणि या दोन्ही दिसल्या नाहीत. मनानं सुरू करू नको, पण उद्याच विचार. ईसीजी आणि इकोही करून घे. पाय दुखणं कमी करणारी सिलोस्टॅझॉल नावाची गोळी कुणी दिली तर आधी इको दाखव, हृदय कमजोर असेल तर ती चालत नाही. ऑपरेशननंतर रक्त पातळ करणारं रिव्हारॉक्सबॅन कमी डोसमध्ये देतात, २०२० मध्ये साडेसहा हजार पेशंटच्या ट्रायलमध्ये पाय आणि हृदयाची संकटं १९.९ टक्क्यांवरून १७.३ वर आली, पण रक्तस्राव थोडा वाढतो, म्हणून आप्पांना कधी अल्सर झालाय का, शौचातून रक्त गेलंय का ते सांगायला विसरू नको.

धाकट्या भावाचं शेवटी एक ओळ लिहिलीस, ३८ वर्षांचा, तोही विडी ओढतो आणि त्याच्या पोटरीत पण हल्ली गोळे येतात. ती ओळ मला पूर्ण पत्राएवढीच महत्त्वाची वाटली. त्यालाही त्याच दिवशी सोबत ने आणि दोघांचे पाय मोजून घे. तो घाबरून नाही म्हणेल, त्याला म्हण आप्पांना उचलायला माणूस पाहिजे, आणि तिथं गेल्यावर पट्टा लाव.

तर उद्या सकाळी सिव्हिल, शुगरची फाईल, क्रिएटिनिन, आधार, रेशनकार्ड. घोट्याचा आकडा, दंडाचा आकडा, आणि अंगठ्याचं प्रेशर, तिन्ही एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून मला त्याचा फोटो पाठव, डाव्या-उजव्या दोन्ही पायांचा, आणि भावाचाही. रात्री कितीही वाजता पाठव, मी बघते.